आवाज आला तर घाबरू नये

सारसोळे, नेरूळ
६ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. बायस,
गोट्याचा कृ. सा. न. वि. वि.

तुझं ऐकण्याचं यंत्र पुन्हा कपाटात गेलं, असं तुझ्या रूपेशने कळवलं. कानात भुंगा शिरल्यासारखं होतं म्हणालीस म्हणे. मला तर बरंच वाटलं. फोनवर मी जेवलीस का, गुडघा कसा आहे, यापुढे जात नाही. कागद ओढला की आपल्या शाळेची कौलं दिसतात, म्हात्रे गुरुजी डोळे मिटून कविता म्हणताना दिसतात आणि हात आपोआप चालायला लागतो.

माउथ ऑर्गनचा नाद सुटला. शेजारचे फजलभाई स्वतः येऊन सांगून गेले की जहाजावर नोकरी केली तेव्हाही त्यांना इतकं मळमळलं नव्हतं. त्यांच्या बेगम आबिदाबाई मागे उभ्या राहून हसत होत्या. त्यानंतर दुर्बिणीचा नाद घेतला. फ्लेमिंगो येण्याचे दिवस जवळ आले, म्हणून सकाळी जेटीवर जाऊन बसायचो. आपण चिंबोऱ्या काढायचो तो चिखल अजून तसाच आहे गं, मागे इमारती वाढल्या एवढंच. पण परवा दुर्बीण हातातून सुटली आणि थेट चिखलात. कुणी अलगद काढून घ्यावी तशी सुटली. तोही नाद संपला.

आता खरी बातमी, मुद्दाम मागे ठेवलेली. मला मुख्य भूमिका मिळाली. इतकी वर्षं मी काय काय झालो ते तुला ठाऊकच आहे. हवालदार, पोस्टमन, गावकरी दुसरा, आणि एकदा तर पडद्यामागचा कुत्रा. बेलापूरच्या ऑफिसात होतो तेव्हाही आणि रिटायर झाल्यावरही. या वेळी आमच्या ग्रुपची दिग्दर्शिका क्रांती, वयाने माझ्या नातीसारखी, तिने सगळ्यांसमोर सांगितलं की मिठागरवाला म्हातारा घरतकाकाच करणार. म्हातारा खाडीचा बांध फुटल्याचं ऐकतो, माणसांना हाका मारतो आणि लकवा येऊन कोसळतो. शेवटच्या अंकात त्याला एकही वाक्य नाही, नुसते डोळे. मी मनाशी आपल्या आबांनाच धरलंय. खाटेवर पडून ते दाराकडे बघायचे, ते बघणं.

तालीम घरीही करतो. 'पाणी आत आलं, कुणीतरी या,' अशी आरोळी ठोकतो आणि गादीवर कोसळतो. पहिल्या दिवशी अख्खा मजला धावत आला. सोसायटीचे सेक्रेटरी तर आग विझवायचं नळकांडं घेऊन. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तेव्हा त्यांनी हात जोडले आणि दारावर बोर्ड लावायला सांगितला. मी झोकात लिहून लावला: 'नाटकाची तालीम सुरू आहे. आवाज आला तर घाबरू नये.' आबिदाबाई मराठी शाळेतल्या बाई होत्या, त्यांनी अक्षराला शाबासकी दिली. आता कुणी फिरकत नाही. वाशीला १८ डिसेंबरला स्पर्धेचा प्रयोग आहे. तू यायचंस, पुढच्या रांगेत बसायचंस. ऐकू आलं नाही तरी चालेल, शेवटच्या अंकात मी बोलतच नाही.

तुझी माया जशी आहे तशी राहिली की माझं बाकीचं सगळं निभतं.

तुझा धाकटा,
गोट्या


पोयनाड
१२ नोव्हेंबर २०२४

चि. गोटीरामास,
पुतळाबायचे पोटभर आशीर्वाद.

पत्र पोचलं. कुत्र्याचं वाचून हसले, एवढी हसले का रूपेशची बायको चुलीपासून उठून बघायला आली. मंग बोर्डाचं वाचलं आनि हसू गेलं.

असा बोर्ड कोन लावतो रे? भावजय गेल्यापासून तू एकटा. उद्या खरंच पडलास, खरंच हाक मारलीस, तर लोक दारापर्यंत येतील, बोर्ड वाचतील आनि माघारी जातील. तू तुझ्याच हातानं लिहून ठेवलंस का येऊ नका. आजच्या आज काढ तो.

दुसरं तुझं अक्षर. गुरुजी तुझी पाटी सगळ्या वर्गात फिरवायचे, आनि मला बोलायचे, पुतळे, भावाकडून शिक. आता या पत्रात शेवटच्या ओळी बघ, सगळ्या उजवीकडं खाली उतरल्यात, जशा खाडीला निघाल्यात. घाईत लिहिलंस असं मी मनाला सांगितलं. मन ऐकत नाय.

आनि दुर्बीण. आबांच्या हातातून चिलीम अशीच सुटायची. आई म्हनायची, म्हातारपन. कोनाला कळलं नाय. मंग वरीसभर आबा खाटेवर, तोंडातून शब्द नाय, आनि आपन दोघं त्यांच्या डोळ्यात बघून पानी पायजे का कूस बदलायची ते ओळखायचो. ते सोंग तू घेऊ नको. नाटकात दुसरं काय पन हो, परत कुत्रा हो. पन आबा होऊ नको. डाक्टरला हात दाखव आनि काय बोलला ते सगळं लिही, अर्धं नको.

इकडं वालाच्या शेंगा मडक्यात भरून पोपटी लावायची तयारी चाललीय. तुझी आठवन निघते.

तुझ्यावर जीव लावून बसलेली,
पुतळाबाय


सारसोळे, नेरूळ
२० नोव्हेंबर २०२४

ती. स्व. बायस,
कृ. सा. न. वि. वि.

रागावू नकोस. अक्षराचं कारण साधं आहे. क्रांतीने सांगितलंय की प्रयोगापर्यंत घरातली सगळी कामं डाव्या हाताने करायची, उजवा खिशात ठेवायचा. म्हणजे स्टेजवर तो मेल्यासारखा वाटेल. त्यामुळे उजव्याची सवय मोडली आणि अक्षर बिघडलं. मागचं पत्र तिने हे सांगायच्या आधीचं होतं, हे तू लगेच ओळखशील. ओळखलंस तर गप्प राहा.

बोर्ड काढता येत नाही. सेक्रेटरींचा मान ठेवावा लागतो.

तालमीतली एक गंमत सांगतो. गंमत म्हणावी की नाही कळत नाही. मी विंगेत माझ्या प्रवेशाची वाट बघत होतो. क्रांतीने एकाएकी सगळ्यांना थांबवलं आणि म्हणाली, काकांची बोटं बघा, किती बारीक थरथरतायत, याला निरीक्षण म्हणतात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. विपुल नावाचा पोरगा आहे, माझी भूमिका त्याला हवी होती, त्याने मोबाइलवर चित्र घेतलं. बाय, तुला म्हणून सांगतो. त्या वेळी मी काही करत नव्हतो. नुसता उभा होतो. हे वाक्य खोडणार होतो, पण राहू दे.

डॉक्टरकडे प्रयोग झाल्यावर जाईन. आधी गेलो तर ते मला झोपवून ठेवतील आणि भूमिका विपुलला जाईल. त्याला मीठ दुकानात मिळतं एवढंच माहीत. मिठावर चालताना पाय कसे चरचरतात, ते त्याला कोण सांगणार? एकदाच मिळालंय गं हे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाक्यांना मान हलवत उभा राहिलो.

भीती वाटते का, असं विचारशील. वाटते. परवा सकाळी गॅससमोर उभा होतो, पातेलं समोर, पाणी उकळलेलं, आणि त्यात जे करायचं त्याला काय म्हणतात ते येईना. चहा. एवढासा शब्द. थोड्या वेळाने आला, आपणहून, जणू बाहेर जाऊन परत आला. आणि शेवटच्या अंकाची तालीम संपते, बाकीचे पिशव्या उचलतात, तेव्हा मी जरा वेळ खाटेवरच बसून राहतो. तोंडातल्या तोंडात स्वतःचं नाव म्हणून बघतो. आवाज परत आलाय ना, एवढंच बघतो. मग उठतो.

रूपेशला यातलं काही सांगू नकोस. तुझ्या पोपटीतला एक वाल माझ्या नावाने खा.

तुझ्या आशीर्वादाच्या आडोशाला असलेला,
गोट्या


पोयनाड
२६ नोव्हेंबर २०२४

चि. गोटीरामास,
पुतळाबायचे आशीर्वाद.

तुझं पत्र उशीखाली ठेवलं, झोप लागंना, काढून कपाटात ठेवलं. तरी लागंना.

डाक्टरकडं जानार नाय ना? मंग दोन गोष्टी कर. नाय केल्यास तर मी या गुडघ्यासकट वाशीला येते, स्टेजवर चढते आनि सगळ्या लोकांदेखत तुझा कान धरून खाली उतरवते. मला काय ऐकू येत नाय, लोक हसले तरी माझं काय जातंय?

पहिली, घराची चावी शेजारच्या आबिदाबायला दे. आजच.

दुसरी, ओहोटी. विसरला नसशील. तू पहाटे चिंबोऱ्या काढायला चिखलात उतरायचा, मी बांधावर. धुकं असलं का तू दिसायचा नाय. मंग मी गुरुजींनी रचलेली ओळ ओरडायची, 'ओहोटीला गेले पाणी, ठेवून गेले काय?' आनि तू कुठं पन असलास, तोंडात बोट असू दे नायतर हातात चिंबोरी, तिकडून ओरडायचास, 'चिखलावरती बगळ्याचे दोन उमटले पाय.' उत्तर आलं का मी खाली बसायची. एकदा आलं नाय. मी पळाले, तर तू कमरेपर्यंत रुतलेला, भरती पाठीमागं, आनि भीतीनं तोंडातून आवाज निघत नव्हता. आठवतं ना?

ती ओळ आबिदाबायला शिकव. रोज सांजच्याला तिनं भिंतीतून ओरडायची, तू उत्तर द्यायचं. तालीम चालू असू दे, बंद असू दे, बोर्ड काय पन बोलू दे. उत्तर नाय आलं तर तिनं कुलूप उघडून आत यायचं. मी बांधावर नाय, पन बांधावर कोनतरी पायजे.

तुझी वाट बघनारी,
पुतळाबाय


सारसोळे, नेरूळ
४ डिसेंबर २०२४

ती. स्व. बायस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझ्या दोन्ही आज्ञा पाळल्या. चावी दिली. ओळ शिकवायला गेलो तेव्हा लाजेने पाणी पाणी झालो. पण आबिदाबाईंनी ती एकदा ऐकली, पदराने चष्मा पुसला आणि चाल लावून म्हणून दाखवली. वर मलाच बजावलं की 'उमटले'तला 'म' मी खातो, पूर्ण म्हणावा. फजलभाईंचं म्हणणं, हे सगळं करण्यापेक्षा एक मिस्ड कॉल द्यावा. त्यांना कविता कळत नाही, पण आता कधी कधी माझ्याआधी तेच उत्तर देऊन टाकतात आणि बाई त्यांच्यावर ओरडतात. मला भिंतीतून सगळं ऐकू येतं.

दिवसभरात तेवढा एक क्षण भीती नसते. बाईंचा आवाज येतो, 'ठेवून गेले काय?', आणि मी दहा वर्षांचा असतो. पोटरीपर्यंत गार चिखल, लांब कुठेतरी तू.

पण तू अर्धं लिहू नको म्हणालीस, म्हणून काल झालं ते लिहितो. बाईंनी ओळ म्हटली. मी सुरुवात केली. 'दोन उमटले' इथपर्यंत आलो आणि पुढचा शब्द नव्हता. तिथे काही नव्हतंच, पाटी पुसल्यासारखं. मी खाली बघितलं. पाय दिसत होते, माझेच, पण त्यांना काय म्हणतात ते येईना. बाई वाट बघत होत्या. शेवटी मी टाच जमिनीवर आपटली, एकदा, आणि पुन्हा एकदा. भिंतीपलीकडे बाई खूप हसल्या. म्हणाल्या, घरतभाऊ, उत्तरातही नाटक. मीही हसलो.

बाय, मरणाचं भय मला फारसं नाही. तो वर्षभराचा दरवाजा आहे ना, आबा ज्याच्याकडे बघत होते, त्याचं आहे. सगळं आत असेल, कविता, तुझं नाव, आणि बाहेर काही येणार नाही.

प्रयोग झाला की दुसऱ्या दिवशी डॉक्टर. गुरुजींची शपथ. ओळी तिरक्या गेल्या असतील तर माफ कर.

तुझ्या हाकेच्या टप्प्यातला,
गोट्या


पोयनाड
१० डिसेंबर २०२४

चि. गोट्या,
आशीर्वाद.

शब्द अडला त्याच दिवशी दवाखान्यात जायचं होतं. गुरुजींची शपथ घालतोस, गुरुजी असते तर छडी घेऊन पुढं घातलं असतं तुला. मी रूपेशला सगळं सांगितलं. सांगू नको बोललेलास, तरी सांगितलं. रविवारी तो गाडी घेऊन येतोय. तू हो बोल नायतर नाय बोल, तो उचलून नेनार. तोवर ती आरोळी ठोकू नको आनि पडू नको. नुसता बस. माझी एवढी गोष्ट ऐक.

रविवारपर्यंत श्वास धरून बसलेली,
बाय


सारसोळे, नेरूळ
१६ डिसेंबर २०२४

आदरणीय पुतळाताई यांस,
शेजारच्या आबिदा मुकादमचा सलाम आणि नमस्कार.

रूपेशला मी त्याच संध्याकाळी फोन केला होता. काल तो पुन्हा दवाखान्यात आला तेव्हा म्हणाला, आईला थोडक्यात सांगितलंय, पण ती म्हणते मला सगळं कागदावर पाहिजे, अर्धं नको. म्हणून लिहिते. तुमचं दहा तारखेच्या शिक्क्याचं पत्र घरतभाऊंच्या टपालपेटीत तसंच होतं. उघडलं नाही, जपून ठेवलंय.

गुरुवारची संध्याकाळ. मी भाकरीचं पीठ मळत होते. भिंतीपलीकडे रोजची आरोळी झाली, पाणी आत आलं, कुणीतरी या. मग पडल्याचा आवाज. आमच्या साहेबांनी टीव्ही मोठा केला. जिन्यावर दोघे बोलत होते, त्यातले एक सेक्रेटरी. ते दाराशी थांबले, घरतकाकांचं चाललंय असं म्हणाले आणि वर गेले. ताई, त्यांना दोष देऊ नका. मलाही काही वेगळं वाटलं नाही. आरोळी अगदी रोजच्यासारखी होती.

आमची वेळ झाली होती, म्हणून मी पीठ मळता मळता ओळ म्हटली. उत्तर आलं नाही. गंमत करतायत असं वाटलं. वर्गात मागच्या बाकाला ऐकू जावं तशी पुन्हा म्हटली. साहेबांना टीव्ही बंद करायला लावला. तेव्हा आवाज आला. शब्द नव्हता. टाच जमिनीवर आपटल्याचा होता, एकदा, आणि थांबून पुन्हा एकदा.

परवाच मी त्या आवाजाला हसले होते. मग मी पळाले. हाताला पीठ तसंच, चावी कुलपात बसेना, साहेबांनी ती माझ्या हातातून घेतली. भाऊ गादीवर नव्हते, गादीच्या अलीकडे होते. तोंड एका बाजूला ओढलेलं. डोळे आमच्याकडे, दाराकडे. डावी टाच वर उचललेली, तिसऱ्यांदा आपटायला.

दवाखान्यात वेळेवर नेलं, असं डॉक्टर म्हणतात. आणखी उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं, असंही म्हणतात. इंजेक्शन दिलं. जीव वाचलाय. उजवा हात आणि उजवा पाय हलत नाही, आणि शब्द नाहीत. काहीही विचारलं तरी 'पाणी' एवढाच येतो, आणि पाणी दिलं की मान हलवतात, ते नको असतं. शब्द परत येतील का, तर डॉक्टर म्हणतात, येऊ शकतात. नाही येऊ शकत, असंही त्यांनी म्हटलं. मी दोन्ही लिहिते, कारण तुम्हाला अर्धं चालत नाही.

क्रांती नावाची मुलगी येऊन गेली. त्यांची बोटं सगळ्यांना दाखवली होती, टाळ्या वाजवल्या होत्या, हे आठवून कॉरिडॉरमध्ये हुंदके देत होती. प्रयोग आता विपुल करणार आहे. सेक्रेटरींनी दारावरचा बोर्ड स्वतः काढला, पण कुठे टाकावा हे त्यांना कळेना. हातात धरून जिन्यात उभे होते.

ताई, मी रोज त्यांच्या कानाशी तुमची ओळ म्हणते. डोळ्यांत पाणी येतं, उत्तर येत नाही. मला त्या शांततेची फार भीती वाटते. तुम्ही या. कदाचित माझा आवाज तो नाही.

आपल्या प्रेमाला नव्याने जोडली गेलेली,
आबिदा


पोयनाड
१७ जानेवारी २०२५

चि. गोट्या,
बायचे आशीर्वाद आनि तिळगूळ. रूपेशच्या बायकोनं केलेत, कडक झालेत, आबिदाला फोडून द्यायला सांग.

घरी पोचले. तुझ्याजवळ होते तोवर गुडघा गप्प होता, आता बोलायला लागलाय. तिकडची नर्स मला बघून हसायची, काय बोलायची ते रूपेशनं मंग लिहून दाखवलं, एकाला बोलता येत नाय आनि दुसरीला ऐकू येत नाय, चांगली जोडी हाय. आबिदा रडायची. मला दोघींचं काय ऐकू आलं नाय, मी तुझ्या ओठांकडं बघत होते.

मी ओळ म्हनायची तवा तुझे ओठ हलायचे. 'दोन' पर्यंत यायचे आनि थांबायचे. निघायच्या दिवशी त्यापुढं गेले असं मला वाटलं. का मला पायजे होतं म्हनून वाटलं, ते माहीत नाय. कोनाला विचारलं नाय. नाय बोलले असते तर काय केलं असतं मी?

आबिदा रूपेशला सांगते का तू डाव्या हातानं पाटीवर रेघा मारतोस. मंग माझं ऐक. इथून माझा आवाज पोचत नाय, म्हनून पोस्टानं विचारते.

ओहोटीला गेले पाणी, ठेवून गेले काय?

कसं पन दे. वाकडं दे, अर्धं दे. उत्तर येईपर्यंत मी बांधावर उभी हाय.

बाय


सारसोळे
२९ जानेवारी

बायस
सा. न.

दोन उमटले पाय.

डावा हात आहे. दिवस लागले. पहिलीच्या पोरासारखं अक्षर. गुरुजी पाटी फिरवणार नाहीत.

शब्द येतात. हळू. चहा आला. मीठ आला. मग पाय. शेजारच्या बाईंचं नाव येत नाही. त्या रागावत नाहीत. रोज ओळ म्हणतात. कधी देतो उत्तर. कधी टाच.

विपुलने काम बरं केलं म्हणतात. मीठ त्याला सांगायचं राहिलं.

भीती आहे. सकाळी आधी नाव म्हणतो. माझं. मग तुझं. दोन्ही आली की उठतो.

दाराला नवा बोर्ड. अक्षर बाईंचं. आवाज आला नाही तर आत यावे.

तुला उत्तर दिलं. खाली बस आता. मग पुन्हा विचार.

गोट्या